संकष्टीची ओहोटी

अलिबागला पोचले तेव्हा सायकलच्या मीटरवर ९६३ किलोमीटर होते आणि मागच्या चाकातून दर फेरीला एकदा ‘कट्’ असा आवाज येत होता. मंगळुरूहून निघाल्याचा तो एकविसावा दिवस. पुढे रेवस फक्त चोवीस किलोमीटर, तिथून लाँचने मुंबईचा भाऊचा धक्का, की प्रवास संपला. पायांत दम होता, त्याच दिवशी उरकता आलं असतं. पण एक पूर्ण दिवस थांबायचं आधीच ठरलं होतं. एक कारण तो आवाज. दुसरं कारण श्रद्धाताई.

श्रद्धाताई हॉस्टेलवर मला तीन वर्षं सीनियर होती. आता पुण्यात नोकरी करते. मी रत्नागिरीत असताना तिचा फोन आला.

“अलिबागला आमच्याच घरी राहायचंस. आईबाबांना सांगून ठेवलंय. पण फुकट नाही, एक काम आहे. तुला पंच व्हायचंय.”

“कसला पंच?”

तिने सांगितलं ते असं. तिच्या आईचा, म्हणजे कुमुदकाकूंचा, उजवा गुडघा दहा महिन्यांपूर्वी बदलला होता. आईबाबांनी आता पुण्याला आपल्या शेजारी येऊन राहावं असं ताईचं म्हणणं. तळमजल्यावरचा फ्लॅटही तिने बघून ठेवला होता. काकू ऐकेनात. रोज फोनवर वाद. शेवटी काकूच म्हणाल्या की येत्या संकष्टीला मी कुलाबा किल्ल्यातल्या गणपतीला पायी जाऊन पायी परत येईन. जमलं तर पुण्याचा विषय कायमचा बंद. नाही जमलं तर महिन्याभरात सामान बांधते.

“बाबा सोबत जातील, पण त्यांची साक्ष मला चालणार नाही,” ताई म्हणाली. “ते आईला रांगत येताना बघूनसुद्धा ‘धावत आली’ म्हणतील. तू फिजिक्सवाली. जे दिसेल ते मोजून सांगशील.”

“आणि तुला काय व्हायला हवंय?”

“मला ती पडायला नकोय,” ती म्हणाली.

एसटी स्टँडजवळ दिपेशचं सायकलचं दुकान आहे. त्याने चाक हवेत उचलून फिरवलं, डोळे मिटून ऐकलं आणि मला न विचारता चाकाचा मधला भाग, हब, खोलायला घेतला. आतले छर्रे रॉकेलमध्ये धुऊन एकेक करून उजेडात धरले. एक खडबडीत निघाला. तो बदलून त्याने नवीन ग्रीस बोटाने दाबून भरलं.

“हे बघ मॅडम,” चाक बसवताना तो म्हणाला, “आता मख्खन हाय. पण खाऱ्या पान्यात घालू नको हां. टुरिस्ट लोक बीचवर चालवतात, रील काढतात, न मग माझ्याकडं रडत येतात.”

मी त्याला सांगितलं की एकवीस दिवस समुद्राच्या कडेने आले, पण चाकाला लाट लागू दिलेली नाही. कारवारला तर सायकल खांद्यावर उचलून चालले होते.

“मग शहानी हायस,” तो म्हणाला.

काकू फाटकातच भेटल्या. नारळी-पोफळीच्या वाडीत त्यांचं घर आहे. फाटकापासून विहिरीपर्यंत सरळ पायवाट, त्यापुढे ओटी. काकू पासष्टीच्या. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून त्या वाटेवर येरझारा घालत होत्या. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं होतं, आणि ते त्यांच्या आवाजातून अजून गेलेलं नव्हतं.

“पंच आले!” त्या ओटीकडे बघून ओरडल्या. “अहो, चहा टाका!”

यज्ञेश्वरकाका आतून टॉवेलला हात पुसत आले. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, शांत, किंचित वाकलेले. चहा घेता घेता काकूंनी अटी सांगितल्या आणि मला वहीत लिहून घ्यायला लावल्या.

“किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत. कुठल्याही गाडीत बसायचं नाही, घोडागाडी असो, बोट असो. कुणाचाही हात धरायचा नाही. एवढंच. आणि पंचाने खेळाडूला हात लावायचा नसतो हे लक्षात ठेव.”

“काठी चालेल?” मी विचारलं.

“अटीत बसते. पण मी घेणार नाही.”

“का?”

“काठी हातात घेतली की रस्त्यात भेटेल तो विचारतो, ‘कशा आहात?’” काकू म्हणाल्या. “ऑपरेशननंतर तीन महिने मी तेच ऐकलंय. ज्या पोरांना मी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, ती पोरं मान वाकडी करून विचारतात, ‘बाई, कशा आहात?’ माझं डोकं फिरतं.”

“डोकं पहिल्यापासूनच फिरलेलं आहे,” काका बशीत बघत म्हणाले.

“तुमच्याशी लग्न केलं तेव्हाच कळलं ते सगळ्यांना.”

फाटक ते विहीर हे अंतर मी टेपने मोजलं. साठ मीटर. काकूंना ते चालायला एक मिनिट पंचेचाळीस सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला चौतीस मीटर. किल्ला किनाऱ्यापासून अकराशे मीटर. जायला बत्तीस-तेहतीस मिनिटं, यायला तेवढीच, देवळात वीस. एकूण पंचाऐंशी मिनिटं. आता प्रश्न एवढाच उरला की समुद्र पंचाऐंशी मिनिटं बाजूला थांबेल का? भरतीला तो किल्ला बेट असतो. ओहोटीला मधला तळ उघडा पडतो आणि माणसं, घोडागाड्या सगळे त्यावरून जातात.

“त्याची काळजी नको,” काका म्हणाले. “संकष्टीला ओहोटी नऊला.”

“दर महिन्याला?”

“दर महिन्याला. गंमत आहे की नाही?” त्यांचा चेहरा एकदम तरुण झाला. “तिथीची पाऊणपट करायची. येते ती भरतीची वेळ. आज दुसरी तीथ. दोनाचे पाऊणपट दीड. दीडला भरती. उद्या चतुर्थी. चाराचे पाऊणपट तीन. तीनला भरती, म्हणजे सहा तास अलीकडे, नऊला ओहोटी. संकष्टी कायम चतुर्थीलाच, म्हणून ओहोटीही कायम नऊला. माझ्या वडिलांनी शिकवलं. चाळीस वर्षं आम्ही दोघं घड्याळ न बघता जातोय.”

मला ते इतकं आवडलं की मी चहा विसरले. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, भरती त्याच्यामागून तेवढीच उशिरा येते, आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी हे बघून, मोजून, तोंडी हिशेबात बसेल इतकं सोपं करून ठेवलं होतं. मी फोनवर त्या दिवशीची भरती तपासली. एक वाजून वीस. काकांचा दीड. दहा मिनिटांचा फरक. पाच समीकरणं सोडवूनही मला कधी एवढा आनंद झाला नव्हता. मी वहीत सूत्र लिहिलं, त्याभोवती चौकट काढली आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशीची वेळ तपासली नाही. तपासायची गरजच वाटली नाही.

सकाळी हवेत गारवा होता. काकाकाकू रिक्षाने किनाऱ्यावर आले, मी सायकलने. चाक खरंच लोण्यासारखं फिरत होतं. नारळपाण्याच्या टपरीजवळच्या रेलिंगला मी सायकल कुलूप लावून ठेवली. आठ वाजून पाच मिनिटांनी काकूंनी बुटांच्या नाड्या पुन्हा आवळल्या, गळ्यातली शिट्टी एकदा फुंकली (ती त्यांनी मुद्दाम आणली होती) आणि चालायला लागल्या.

काका पुढे, हातात दूर्वा-जास्वंदीची पिशवी. काकू मध्ये. मी दोन मीटर मागे, वही घेऊन.

समोर पाणी दूर मागे गेलेलं होतं. किनाऱ्यापासून अडीचशे मीटरवर एक सखल पट्टा लागला. फक्त तिथे पाणी साचलेलं, तळवा बुडेल एवढं. त्यापुढे घट्ट, नक्षीदार वाळू आणि मग खडक. काकू सावकाश पण एका लयीत चालत होत्या. तोंडाने हळूच “एक-दोन, एक-दोन” चाललं होतं. एक घोडागाडी शेजारून गेली. गाडीवाल्याने लगाम ओढला.

“आजी, बसा ना. सोडतो.”

“आजी कोण रे?” काकू न थांबता म्हणाल्या. “घोड्याला पाणी पाज आधी. तो दमलाय, मी नाही.”

आठ अडतीसला आम्ही किल्ल्याच्या पायथ्याशी होतो. अंदाजापेक्षा जेमतेम अर्धा मिनिट जास्त. मी आकडा वहीत लिहीत होते, तेवढ्यात शेजारच्या खडकावरून आवाज आला.

“बाई, आज येवड्या उशिरा?”

सोनूबाई होती. किल्ल्याच्या खडकांवरची कालवं लोखंडी आकड्याने फोडून काढणारी, काकूंच्या ओळखीची बाई, वयाने त्यांच्याएवढीच. पण तिने आकडा टोपलीत टाकून टोपली डोक्यावर घेतली होती. ती घरी निघाली होती.

“उशीर कसला?” काका म्हणाले. “अजून वीस मिनिटं आहेत ओहोटीला. नऊची ओहोटी.”

“नऊची?” सोनूबाईने त्यांच्याकडे असं बघितलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. “पानी कवाच फिरला. आठालाच. आज तीज हाय अजून.”

“आज संकष्टी आहे, सोनूबाई.”

“संकष्टी तुमच्या चंद्राला. तो रात्री उगवंल तवा चवथ व्हईल. आता सकालची तीज हाय. समुद्र उपास न्हाय धरत, तो सकालची तीथ बगतो.” आणि ती चालू पडली.

मी जागीच उभी राहिले. काल दुसरी तीथ. आज चतुर्थी. मधली तिसरी कुठे गेली? दोननंतर चार. बालवाडीतल्या मुलालाही खटकलं असतं. माझ्यासमोर दोन्ही आकडे होते, मी दोन्ही स्वतःच्या हाताने लिहिले होते, आणि चौकटीच्या कौतुकात मला फट दिसली नव्हती. फोन उघडला. ओहोटी आठ वाजून पाच. म्हणजे काकूंनी शिट्टी फुंकली बरोबर त्या क्षणाला. आम्ही निघालो तेव्हाच समुद्र परत निघाला होता.

मी ते दोघांना सांगितलं. काका पिशवी हातात धरून पाण्याकडे बघत राहिले.

“चाळीस वर्षांत असं झालं नाही,” ते पुटपुटले.

“दर दोन-चार महिन्यांनी झालं असणार,” काकू म्हणाल्या. “चाळीस वर्षं मी भराभर चालत होते, म्हणून तुम्हाला कळलं नाही. तुमचं पाऊणपट माझ्या पायांवर चाललं होतं.”

काका हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

“आता काय करायचं?” मी विचारलं. “गाड्या अजून तासभर तरी चालतील. धोका काही नाही. तुम्ही परत गाडीने आलात तरी...”

“तरी पुणं,” काकू म्हणाल्या. “चल, दर्शन घेऊ. धावतं.”

देवळात त्यांनी हात जोडले, काकांनी दूर्वा वाहिल्या, आणि आम्ही उलट फिरलो. आठ पंचावन्नला खाली उतरलो होतो. वीसऐवजी सतरा मिनिटं.

जाताना कोरडी असलेली वाळू आता ओली होती. मग घोट्याखाली पाणी आलं. उथळ, पण हलतं. काकूंचा वेग कमी झाला. मी मोजला, मिनिटाला अठ्ठावीस मीटर. मग चोवीस. चेहऱ्यावर वेदना नव्हती, दमही लागला नव्हता. पावलाखालची वाळू पाण्याबरोबर सरकायची आणि नव्या गुडघ्याला ते कळायला क्षणभर उशीर व्हायचा. तेवढ्यात तोल जायचा. दोनदा त्या थांबल्या. तिसऱ्यांदा थांबल्या तेव्हा हात दोन्ही बाजूंना पसरलेले होते, दोरीवर चालणाऱ्यासारखे. नऊ वाजून आठ मिनिटं. किनारा अजून साडेसातशे मीटर, आणि मध्ये तो सखल पट्टा, जो आता नक्कीच भरत होता.

काका हात पुढे करून आले.

“हात नको,” काकू म्हणाल्या. “पंच बघतेय.”

“गेला खड्ड्यात तो पंच!” काका म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं ऐकून काकूही चमकल्या. “कुमुद, पडलीस तर? पुणं काय वाईट आहे का? जाऊ आपण.”

“तुमची वाडी कोण बघेल?”

“वाडी मरू दे.”

मघाचा घोडागाडीवाला परत येताना आमच्याजवळ थांबला. या वेळी त्याने ‘आजी’ म्हटलं नाही. “बाई, बसताय?” एवढंच. गाडीचा लाकडी कठडा काकूंच्या हातापासून फूटभर होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

मला एक गोष्ट नीट कळत होती. त्यांना ताकद कमी पडत नव्हती. त्यांना फक्त एक तिसरा बिंदू हवा होता, जमिनीला टेकलेला. माणूस नको, गाडीत बसणं नको. आणि असा एक बिंदू टपरीजवळ रेलिंगला कुलूप लावून उभा होता.

“दहा मिनिटं इथेच थांबा,” मी म्हणाले. “दादा, तुम्ही पण थांबाल का जरा?”

गाडीवाल्याने मान हलवली. मी पळत सुटले.

सखल पट्ट्यात पाणी पोटरीच्या मध्यापर्यंत होतं. ते ओलांडताना मला दिपेशचं बोट दिसत होतं, ग्रीस दाबणारं. किनाऱ्यावर पोचून कुलूप उघडलं आणि सायकल पाण्याच्या काठापर्यंत नेली. तिथे मी थांबले. खोटं कशाला सांगू, चांगली दहा सेकंद थांबले. एकवीस दिवस. मग सायकलवर बसले आणि सरळ पाण्यात घातली. पट्ट्यात उतरून ढकलावी लागली. मागचा हब पूर्ण बुडाला. पलीकडे वाळू घट्ट होती, तिथे पुन्हा बसून जोरात मारली.

काकू तिथेच होत्या, गाडीवालाही. मी सायकल त्यांच्या डाव्या बाजूला उभी केली.

“पंचाने खेळाडूला मदत करायची नसते,” काकू म्हणाल्या. पण नजर हँडलवर होती.

“मदत नाही. मला सायकल त्या बाजूला न्यायची आहे. मी दमलेय. तुम्ही जरा धरता का?”

“आत्ता तर तिकडूनच आणलीस.”

“हो. आता परत न्यायची आहे.”

गाडीवाला मोठ्याने हसला. काकूंनी दोन्ही हात हँडलवर ठेवले. मी त्यांना ब्रेक दाखवले. पाऊल उचलताना दोन्ही ब्रेक दाबायचे, सायकल खांबासारखी उभी राहते. पाऊल टेकलं की सोडायचे आणि ढकलायचं. चौतीस वर्षं कवायत घेतलेल्या बाईला एवढं पुरे होतं. तिसऱ्या पावलाला लय सापडली.

“दाब, एक. सोड, दोन. दाब, एक. सोड, दोन.”

मिनिटाला एकतीस मीटर. काका एका बाजूला, मी दुसऱ्या, आणि मागे घोडागाडी रिकामी, चालीने. कुणी सांगितलं नव्हतं, पण गाडीवाला मागे मागेच येत राहिला. पट्ट्यात पाणी काकूंच्या गुडघ्याला लागलं. साडी भिजून जड झाली. एक लाट आली, चाकांना फिरवू पाहत होती. काकूंनी ब्रेक दाबून धरले, लाट जाऊ दिली.

“नवीन गुडघ्याला समुद्र दाखवला,” त्या म्हणाल्या.

नऊ वाजून बेचाळीस मिनिटांनी पुढचं चाक कोरड्या वाळूवर आलं. काकूंनी सायकल सोडली, पुढची चार पावलं मोकळ्या हातांनी टाकली आणि शिट्टी फुंकली. नारळपाणीवाला दचकला. काका त्याच्या टपरीवर जाऊन एकदम चार शहाळी सांगून आले, एक गाडीवाल्यासाठी.

घरी आल्यावर ताईला फोन लावला, स्पीकरवर. मी वही उघडून सगळं वाचून दाखवलं. निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, वेग, थांबे. गाडीत बसल्या नाहीत. हात धरला नाही. शेवटचे साडेसातशे मीटर सायकलचा आधार घेतला. सायकल माझी, वजन साडेतेरा किलो.

“म्हणजे आधार घेतला,” ताई म्हणाली.

“हो.”

“सायकल पाण्यात आपोआप चालत आली?”

“मी आणली.”

“तू पंच आहेस की वकील?”

“अजून एक नोंद आहे,” मी म्हणाले. “ओहोटीची वेळ चुकली. काकांनी नऊ सांगितली, मी तपासली नाही. प्रत्यक्षात आठ पाचला होती. वेळ बरोबर असती तर येतानाही पाणी घोट्याच्या वर आलं नसतं आणि सायकल लागली नसती, असं मला वाटतं. पण ते वाटणं आहे, मोजलेलं नाही.”

काका ओटीच्या कठड्यावर नखाने काहीतरी कोरत होते. काकू ओल्या बुटांच्या नाड्या सोडत होत्या, ऐकत नसल्यासारख्या.

“गुडघाभर पाणी होतं?” ताईने विचारलं.

“अर्धा मीटर. किंचित जास्त.”

“आणि ती पडली नाही?”

“नाही.”

“आई,” ताईचा आवाज बदलला, “ठरलं होतं ते साध्या वाळूवर चालायचं. तू समुद्रातून चालत आलीस?”

“पेपर कठीण निघाला,” काकू म्हणाल्या.

“बरं. विषय बंद.” ताईने नाक ओढलं. “पण माझं एक ऐक. बाजारात जाताना काठी घे. प्लीज.”

“काठी नाही.”

“आई!”

“काठी नाही म्हटलं ना. दुसरं काहीतरी घेईन.” आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी स्वतःहून पंचांग माझ्यासमोर ठेवलं. उगवत्या सूर्याला कुठली तीथ आहे तिथे बोट टेकवून म्हणाले, “आज चतुर्थी. खरी नऊची ओहोटी आज आहे. रेवसच्या बंदरात ओहोटीला गाळ उघडा पडतो, लाँच खोळंबते. दहानंतर नीघ.” मग हळूच, “फोनवर बघ एकदा.”

फोनवर आठ पन्नास होतं. आम्ही दोघांनी ते वहीत लिहिलं, शेजारी शेजारी.

मधल्या वेळात मी आणि काकू दिपेशकडे गेलो. त्याने हब उघडला, ग्रीसमध्ये बोट फिरवून अंगठ्याने चोळलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. वाळू.

“मॅडम. परवा काय बोललो मी?”

“पंचाचा नाइलाज होता,” काकू म्हणाल्या.

त्याने सगळं परत धुतलं, परत भरलं. तोवर काकूंनी दुकानाच्या मागे टेकवलेली एक जुनी लेडीज सायकल बाहेर काढली होती. हिरवी, पुढे जाळीची टोपली, बसकी. ब्रेक दाबून पाहिले, सोडले, पुन्हा दाबले.

“चालवनार तुमी?” दिपेशने विचारलं.

“धरून चालणार.”

त्याला काही कळलं नाही, पण त्याने मान डोलावली. “मग पेडल काढून टाकतो ना. नडगीला लागंल.”

“पेडल राहू दे,” काकू म्हणाल्या. “लोकांना शंका यायला नको.”

सव्वादहाला मी निघाले. काकू बाजाराच्या वळणापर्यंत सोबत आल्या, हिरवी सायकल धरून. मी माझी. दोघी शेजारी शेजारी, त्यांच्या वेगाने. टोपलीत भाजीची पिशवी होती. माझं चाक एकदाही वाजलं नाही.

वळणावर स्कूटरवरून एक गृहस्थ आले, पन्नाशीचे, टक्कल पडलेले. काकूंना बघून त्यांनी कचकन ब्रेक लावला.

“बाई!” त्यांनी एकदा हिरव्या सायकलकडे आणि एकदा माझ्या सामानाने लादलेल्या सायकलकडे बघितलं. “कुठे निघालात?”

काकूंनी माझ्याकडे बघून एक डोळा मिटला.

“रेवसला,” त्या म्हणाल्या.